लाल फुल्यांची घरं

यंदा आमच्या गावचा नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा होता. जागा बायकांसाठी राखीव, म्हणून माझी बायको उभी राहिली. अंगणवाडीत तिने गावातली निम्मी पोरं सांभाळलेली. मी फौजेतून सुभेदार होऊन परतलेला, म्हणजे घरात हुकूम सोडणारा. ऐकणारं कुणी नाही.

अर्ज भरून दोन दिवस होतात न होतात तोच एका मोबाईल चॅनेलवाल्याने ‘जनतेचा कौल’ दाखवला. तिघींत आमची तिसरी. जनता कोण, तर स्टँडवरच्या टपरीत चहा पिणारे रिकामटेकडे बाप्ये! प्रचाराचा नारळ फुटायचा होता अजून. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. माझं डोकंच फिरलं. तिने मात्र ते मनाला लावून घेतलं.

"माघार घेते. हसं व्हायच्या आधी घरात बसल्यालं बरं," ती म्हणाली. माघारीला तीन दिवस उरले होते.

मी म्हटलं, थांब, आपला कौल आपण काढू. वही घेतली आणि दोन दिवसांत चार आळ्या पालथ्या घातल्या. ‘व्हय’ म्हणणाऱ्या घरापुढे बरोबरची खूण, वाकडं बोलणाऱ्या घरापुढे लाल फुली. जाईल तिथे चहा आणि "व्हय की सुभेदार, तुमास्नीच! ह्ये काय इचारायचं हाय?" पित्त खवळलं, पण वही खुणांनी भरली. संध्याकाळी ती मी तिच्यापुढे आपटली.

"बघ! निवडून आल्यात जमा."

तिने पानं चाळली आणि हसायलाच लागली. "आवं, परवा ती दुसरी उमेदवार आपल्या दारात आलीवती. तवा तुमी काय म्हणला?"

मीच तिला चहा पाजून म्हटलं होतं, "व्हय की ताई, बघू की."

"दारात आलेल्याला न्हाई कोण म्हणतंय आपल्याकडं?" तिने विचारलं, "आन ह्या फुल्या कुणाच्या?"

"भांडखोरांच्या. एक म्हातारी तर अंगावरच आली. म्हणं नळाला पाणी पहाटं चारला येतंय, झोपायचं कवा? आन त्यो फळवाला बागवान म्हणतोय, गटार उघडं हाय, तुमची बाई झाकणार का न्हाई त्ये आधी सांगा."

ती बराच वेळ त्या फुल्यांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "पडणाऱ्या बाईशी कोण कशाला भांडंल? ह्यास्नी वाटतंय, मी काय तर करीन."

इतकी वर्षं संसार केला, पण त्या क्षणी मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नव्हता. फुल्या मात्र थोड्याच होत्या. तेवढ्यावर निवडणूक जिंकता येत नाही, हे तिलाही कळत होतं. माघारीचा कागद तिने पिशवीत ठेवलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत मुदत. दोन वाजता ती पिशवी उचलून उंबऱ्यात आली, तर समोर तीच म्हातारी, कमरेवर हात ठेवून उभी.

"काय गं, तुझ्या सुभेदारानं वहीत लिवून न्हेलं. आज बी पाणी चारलाच! काय केलंस तू?"

"आवं आजी, मी अजून निवडून कुटं आलीया?"

"मग ये की लवकर! आमी काय जलमभर जागत बसायचं व्हय?"

बायको माझ्याकडे बघून हसली. पिशवी तिने माझ्या हातात दिली, पायात चपला सरकवल्या आणि म्हातारीबरोबर तिचा नळ बघायला गेली. तीन वाजून गेले तरी ती त्याच आळीत होती. पिशवीतला कागद मी चुलीत घातला. मग वही काढली आणि म्हातारीच्या घरापुढे आणखी एक लाल फुली मारली, जरा मोठीच.