साखर किती?

मामांनी चष्म्याचं घर मिटलं की 'टक्' असा आवाज यायचा, आणि त्या आवाजावर चहा यायचा. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कधी तोंडाने चहा मागितला नाही. पेपर वाचून झाला की चष्मा उतरवायचा, घरात ठेवायचा, टक्. आत स्वयंपाकघरात आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, गॅस पेटवायच्या. आमच्या सांगलीकडे सासू-सासऱ्यांना आत्या-मामाच म्हणतात. लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला हा योगायोग वाटला. दुसऱ्या आठवड्यात कळलं की ही व्यवस्था आहे. तिसऱ्या आठवड्यात टक् ऐकून मीच उठले, आणि उठल्यावर स्वतःवरच चिडले.

मामा साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाच्या रसाचा पाक भल्यामोठ्या बंद भांड्यात शिजवायचा आणि त्यात दाणा कधी धरतो ते ओळखायचं, हे त्यांचं काम. काचेच्या पट्टीवर थेंबभर पाक घेऊन दिव्यासमोर धरायचे आणि सांगायचे, अजून दहा मिनिटं. निवृत्त झाल्यावर बशीतला चहाही ते तसाच उजेडाकडे वळून बघायचे. "कलर बरा हाय," हे त्यांचं सगळ्यात वरचं प्रशस्तिपत्र. साखर मात्र चार चमचे. कुणी टोकलं तर म्हणायचे, "साखरंनं काय हुतंय? मी छत्तीस वरसं साखरंत उभा हुतो." आणि खरंच, दर वर्षी त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट इतका स्वच्छ यायचा की डॉक्टरांनी बोलणंच सोडलं होतं.

आत्या गेल्या आणि तीन-चार महिन्यांनी, दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत, आम्ही मामांना इकडे आयर्लंडमध्ये, एनिसला आणलं. तीन महिन्यांसाठी. त्यांच्या बॅगेत चार शर्ट, तीन पायजमे आणि टॉवेलात गुंडाळलेलं आत्यांचं चहाचं ॲल्युमिनियमचं पातेलं होतं, आतून काळंकुळकुळीत. "तितं च्याचं भांडं मिळतंय न मिळतंय," ते म्हणाले. चहाची सहा भांडी होती माझ्याकडे, पण त्यांनी भांडं का आणलं ते मला कळत होतं.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. सत्तरीच्या पुढच्यांनी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असा हुकूम निघाला, आणि मामा एकाहत्तर वर्षांचे. मी कामाला जायचे तो कारखाना जवळच शॅननला, वैद्यकीय उपकरणांचा, तो चालू राहिला. विक्रम, माझा नवरा, डब्लिनजवळच्या चेरीवूडमधल्या ऑफिसचं काम वरच्या खोलीत बसून करायचा, सकाळपासून कानाला हेडफोन. म्हणजे दिवसभर खाली मामा एकटे. टक्. कोणी यायचं नाही. थोड्या वेळाने पुन्हा टक्. विक्रमला म्हणे वर ऐकू यायचं, पण मीटिंग सोडून उठता यायचं नाही. मग मामा पाणी पिऊन बसायचे. त्यांनी उभ्या जन्मात शेगडीला हात लावला नव्हता.

एके दिवशी दुपारी घरी आले तर मामा शेगडीसमोर खुर्ची टाकून बसलेले. शेगडीवर आत्यांचं पातेलं, त्यात दूध-पाणी, चहाची पूड, सगळं जागच्या जागी.

"पाऊण तास झाला बग," ते म्हणाले. "हितलं दूध लई थंड हाय. तापंना."

आमची शेगडी इंडक्शनची. ॲल्युमिनियमचं भांडं तिच्या खिजगणतीतही नसतं. विक्रम खाली आला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि डोळे पुसत म्हणाला, "बाबा, तुम्हाला साधा चहा करता येत नाही. गावाकडे एकटे कसे राहणार? घराला कुलूप लावू आणि आता इथंच राहा."

हसत हसतच म्हटलं होतं त्याने, पण ही चर्चा महिनाभर आम्हा दोघांत चालली होती आणि मामांना ते लगेच कळलं. त्यांनी दूध ओतून दिलं, पातेलं स्वतः घासलं आणि एवढंच म्हणाले, "माझं घर हाय तितं." त्या संध्याकाळी मी केलेला चहा त्यांनी अर्धाच प्यायला. मला फार वाईट वाटलं. विक्रमचं चुकलं होतं असंही नाही, ज्या माणसाला पाणी उकळता येत नाही त्याला एकटं कसं ठेवायचं? पण त्या दिवसापासून चहा ही मामांची परीक्षा झाली. पास झाले तर घर, नापास झाले तर एनिस.

शेजारी नूला राहायची. पंचाहत्तरीची, एकटी, नवरा जाऊन सात-आठ वर्षं झालेली. तिलाही तोच हुकूम. दोन्ही घरांच्या मागच्या बागांच्या मधे कमरेएवढी भिंत होती. कपडे वाळत घालायला ती बाहेर यायची तेव्हा मामा हाताची घडी घालून आमच्या बागेत उभे असायचे, रोज. एका संध्याकाळी मामा मला म्हणाले, "ती बाई काय इचारत हुती ठावं हाय? दूध किती, साखर किती. आदी इचारती आन् मग च्या करती!"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"चार बोटं दावली. तिनं देवाचं नाव घेतलं आन् आत गेली. पर आणला च्या. भितीवर ठिवला, लांब जाऊन हुबी ऱ्हायली."

त्यांचं आश्चर्य काही ओसरेना. "च्या काय इचारून करत्यात व्हय? करायचा आन् द्यायचा." आमच्या घरी तसंच होतं. एक पातेलं, त्यात एक साखर, आणि जावयापासून मीटर बघायला आलेल्या माणसापर्यंत सगळ्यांना तोच चहा. यात विचारण्यासारखं काही असतं हे मलाही कधी सुचलं नव्हतं.

पुढे नूलाने त्यांची शिकवणीच सुरू केली. वायर लांब करून ती किटली बागेतल्या टेबलावर आणायची. भिंतीच्या अलीकडे मामा आमची किटली घेऊन उभे. तिने चहाची पिशवी उचलली की हे उचलायचे, तिने मगात टाकली की हे टाकायचे. ती इंग्रजीत बोलायची, हे सांगलीच्या मराठीत, आणि कोणाचं काही अडायचं नाही. विक्रमने हा वर्ग वरच्या खिडकीतून पाहिला आणि मीटिंगमध्ये माइक बंद करायचं विसरून खदखदून हसला.

मामांनी स्वतः केलेला पहिला चहा मी प्यायले. शॅननहून आले तर टेबलावर मग तयार, पिशवी अजून आतच. वीस मिनिटं ठेवली होती म्हणे. "कलर याला नको?" त्या चहाने भिंतीचा रंग निघाला असता. मी मग उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "कलर बरा आहे, मामा." त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं, पण कान लाल झालेले मला दिसले.

मग मामांचा चहा बदलत गेला. मगाला बशी नसते, म्हणून बशी सुटली. उन्हाळ्यापर्यंत पिशवी चार मिनिटांत बाहेर यायला लागली. नूलाच्या चहाचा लाल डबा आणि दुकानातला हिरवा डबा यांत लाल डबा वरचढ, असा निकाल त्यांनी दहा दिवस दोन्ही पिऊन दिला. चार चमचे साखर तीनवर आली, "हितलं दूधच ग्वाड हाय," म्हणून. मी इंडक्शनवर चालणारं स्टीलचं भांडं आणलं, तेव्हा ते पुन्हा उकळलेल्या चहाकडे वळले, आलं ठेचून, मंद आचेवर, पॅनमनच्या नजरेने. आता टक् झालं की पाठोपाठ खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. नूला आल्याच्या चहाला पहिल्या दिवशी ठसकली, चौथ्या दिवसापासून मात्र अकराच्या ठोक्याला तिचा रिकामा मग भिंतीवर असायचा. "नो नो, आय ॲम ग्रँड," ती म्हणायची, म्हणजे इकडच्या बोलीत 'नको, राहू दे'. मामा ओतायचे. नको म्हणणाऱ्याला कसं वाढायचं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. हिवाळ्यापर्यंत भात, आमटी आणि पिठलं जमलं. भाकरीच्या वाटेला ते गेले नाहीत.

एक गोष्ट मात्र त्यांनी नूलाकडून कायमची उचलली. भांड्यात साखर घालणं बंद केलं आणि प्रत्येकाला विचारायला लागले, साखर किती? मला, विक्रमला, एकदा तर दारात पार्सल घेऊन आलेल्या माणसालासुद्धा. तो बिचारा पावसात गोंधळून उभा राहिला.

दोन हजार एकवीसच्या जानेवारीत एका रविवारी दुपारी त्यांनी तिघांचा चहा केला. मला एक चमचा, विक्रमला अर्धा. स्वतःच्या कपासाठी चमचा भरला आणि तसाच धरून राहिले.

"पोरी, तुजी आत्या किती घ्यायची गं?"

विक्रमने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही माहीत नव्हतं. मला होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी पाहिलं होतं, पातेल्यात साखर पडायच्या आधी आत्या आपला कप बाजूला काढून घ्यायच्या आणि ओट्याशी उभ्या उभ्या प्यायच्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "ह्यांस्नी सांगू नगंस. सगळा जलम साखरंत गेलाय त्यांचा, वाईट वाटंल." मी कबूल केलं होतं. पण तेव्हा मामा विचारतील असं आम्हा दोघींनाही वाटलं नव्हतं.

"आत्या बिनसाखरेचा प्यायच्या, मामा."

"कदीपास्नं?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून, त्या म्हणायच्या. तुमचे कारखान्याचे कपडे धुवायच्या ना रोज. मळीच्या वासाने त्यांना गोड नकोसं झालं होतं."

मामा खाली बसले. चमचा अजून हातातच होता. "मला कदी बोलली न्हाई," ते म्हणाले. मग म्हणाले, "आन् मी इचारलं न्हाई." चमच्यातली साखर त्यांनी परत डब्यात ओतली आणि कप उचलला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्या दिवसापासून मामांनी साखर सोडली. पहिला आठवडा काढा प्यायल्यासारखं तोंड व्हायचं. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "कडू लागतंय. पर आता कळतंय, च्याला वास असतोय." आणि महिनाभराने एका संध्याकाळी, कुणाकडे न बघता, "विक्रम, मला तिच्या पातेल्यात एकदा बिनसाखरंचा करून प्याचाय. हितं त्ये तापत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी विक्रम खाली आला तेव्हा लॅपटॉपवर विमानाच्या तिकिटांची पानं उघडलेली होती. उन्हाळ्यात तिकडे कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत जे चाललं होतं त्यात त्यांना पाठवणं शक्यच नव्हतं, पण कुलपाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. ऑक्टोबरमध्ये मामा निघाले. पातेलं पुन्हा टॉवेलात गुंडाळलं. नूलाने लाल डबे दिले, दोन. "माइंड युअरसेल्फ," ती भिंतीपलीकडून म्हणाली. "तू बी जप, बाई," मामा म्हणाले. नंतर कित्येक दिवस अकरा वाजता तिचा मग भिंतीवर दिसायचा. सुट्टीच्या दिवशी मी भरायचे. "नॉट बॅड," ती म्हणायची, आणि तेवढ्यावरच थांबायची.

नोव्हेंबरात एका रविवारी मामांना व्हिडिओ कॉल लावला तर त्यांच्याकडे पाहुणे होते. कारखान्यातले त्यांचे जुने सोबती बापू, आणि बापूंची बायको सुमनकाकू. मामांनी फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला, "थांब, च्या व्हतोय," म्हणाले. गॅसवर आत्यांचं पातेलं होतं. त्यांनी तीन कप भरले आणि चमचा घेऊन वळले.

"सुमनवैनी, साखर किती?"

सुमनकाकूंनी बापूंकडे पाहिलं. बापू म्हणाले, "टाक की दोन. इचारतोस काय?"

"तुला न्हाई, वैनीस्नी इचारलं," मामा म्हणाले आणि चमचा धरून उभे राहिले.

सुमनकाकूंनी पदर सारखा केला. "मला अर्दाच, भावजी. जास्त सोसत न्हाई."

बापूंनी मान वळवली. "कदीपास्नं?"

"पयल्यापास्नं," त्या म्हणाल्या. मामांनी अर्धा चमचा घातला, ढवळला, आणि तो कप आधी त्यांच्या हातात दिला.