चहाच्या सुट्टीत उठलेली बंदी

बद्रीनाथ भित्रा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वैजापूरजवळच्या धनगरवस्तीवर जन्मला आणि कुत्र्याला भ्यायचा, आता बोला! बाप मल्हारराव मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेला गडी. लेकाचं भेदरलेलं तोंड बघून तो कपाळाला हात लावायचा. "ह्याला शाळंतच घाला," म्हणायचा, "तिथं लांडगं नसत्यात." मग बद्रीनाथ शिकला. लई शिकला. निर्यातबंदीनं शेतकऱ्याचं काय होतं यावर पीएच.डी. केली आणि औरंगाबादेत गारखेड्यातल्या एका लहानशा संशोधन केंद्रात परदेशी व्यापाराच्या धोरणाचं प्रशिक्षण देऊ लागला. बंदी कशी चुकीची आहे हे लोकांना पटवणं, हाच त्याच्या आयुष्याचा उद्योग. तोही हळू आवाजात. मागच्या बाकावर कुणी खोकलं तरी त्याचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं.

शिकवायची रीत मात्र त्यानं झकास काढली होती. वर्गात टेबलं मांडायची, टेबलावर झेंडे ठेवायचे आणि प्रत्येकाला एकेक देश करायचा. कुणी बांगलादेश, कुणी श्रीलंका, कुणी दुबई. मग देशांनी एकमेकांशी घासाघीस करायची. नियम एकच, पण कडक: दिवस संपेपर्यंत आपला देश सोडायचा नाही, चहा पितानासुद्धा नाही. फोन दाराशी टोपलीत ठेवायचे, चहापुरते हातात घ्यायचे.

त्या साली कांद्याची निर्यात बंद होती, आणि वर्ग होता शेतकरी कंपन्यांच्या पुढाऱ्यांचा. वैजापूरचे काकासाहेब भारताचे मंत्री झाले. दणकट माणूस, अंगात खेळ असा भिनला की विचारू नका! बांगलादेशाला रडकुंडीला आणून त्यांनी भरपूर सवलती काढल्या आणि टेबलावर मूठ आपटून निर्यातबंदी उठवली. टाळ्या पडल्या. चहा आला. तेवढ्यात त्यांच्या बायकोचा, मनकर्णाबाईंचा फोन आला. त्या कांदा घेऊन वैजापूरच्या मार्केट यार्डात लिलावाला उभ्या होत्या. भाव लई पडलाय, देऊ का नको, असं विचारत होत्या.

काकासाहेबांनी बद्रीनाथकडं बघून डोळा मारला. "थांब, देऊ नको," ते मंत्र्याच्या आवाजात म्हणाले, "भारतानं बंदी उठवली. आत्ताच सही केली मी, बद्रीनाथ सरांसमोर."

सगळे खो खो हसले. बद्रीनाथही हसला. वर शाबासकीही दिली की बघा, देश असा धरून ठेवायचा! फोन पुन्हा टोपलीत गेले.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं टोपलीतून फोन उचलला, तर त्यावर आईचे फोनच फोन. त्यानं उलट लावला.

"नाव काढलंस रं माझ्या राजा!" म्हाळसाबाई यार्डातून ओरडत होती. "मनकर्णानं सगळ्यांला सांगितलं. माझ्या बद्रीम्होरं सही झाली म्हनं! कुनीबी कांदा देईना आता. लिलाव बंद पाडलाय."

बद्रीनाथनं मनात दिवस मोजले. लाल कांदा तो, घरात ठेवला की कोंब फुटतो, पाणी सुटतं. दुसऱ्या दिवशी अमावस्या, म्हणजे लिलाव नाही, आणि पुढं जोडून सुट्ट्या. आजचा बाजार मोडला तर वस्तीचा अख्खा कांदा उकिरड्यावर जाणार, आणि जाणार तो त्याच्या नावानं. "माय, ते खोटं आहे गं, खेळ होता तो," तो म्हणाला. पलीकडं कुणीतरी फोन हिसकावला. "दबाव आला व्हय सर? आमी समजतो," असं म्हणून फोन बंद झाला. काकासाहेबांनी मनकर्णाबाईंना लावला, तर तोही लागेना.

काकासाहेबांच्या जीपमधून दोघं निघाले. मंत्रिपद कधीच उतरलं होतं. काकासाहेब घाम पुसत गाडी हाणत होते. बद्रीनाथ दाराचा दांडा धरून बसला होता. वाटेत दोनदा त्याला उलटीसाठी उतरावं लागलं. खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा उतरला तेव्हा त्याच्या मनात पळून जायचं आलं. समोर औरंगाबादकडं जाणारी एसटी येत होती. हात केला असता तर थांबली असती. पण यार्डात आई उभी होती, आणि लोक जाब विचारणार तो तिलाच. तो मुकाट्यानं जीपमध्ये येऊन बसला.

यार्डात ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर आलेली. व्यापारी कट्ट्यावरून उठून चालले होते, पोरं त्यांना शिव्या घालत होती. काकासाहेबांनी बद्रीनाथला एका ट्रॉलीवर चढवलं. समोर एवढी माणसं!

"बंदी... बंदी उठलेली नाही," कसंबसं निघालं. "आम्ही वर्गात खेळ करत होतो. चूक माझी आहे. कांदा आजच द्या."

"व्यापाऱ्यांनी फोडला ह्याला!" कुणीतरी ओरडलं. वस्तीवरच्या फकिरानं ट्रॉलीवर उडी घेतली आणि त्याची गचांडी धरली. "सकाळी उठलेली बंदी दुपारी बसली व्हय रं? किती खाल्लंस?" काकासाहेब मध्ये पडले, तर त्यांनाच लोकांनी मागं ओढलं. बद्रीनाथचे गुडघे लटलटत होते, दात वाजत होते. आता मारतात, एवढंच त्याला कळत होतं.

"फक्या, सोड त्याला!"

म्हाळसाबाई होती. पदर खोचून ती ट्रॉलीशी आली.

"बघ त्याच्याकडं. कसा कापाया लागलाय बघ. आरं, कुत्रं भुकलं तर माझ्या लुगड्यात शिरनारं हे लेकरू. सोताच्या लग्नात माणसं बघून घाबरलं होतं. ह्यो लबाडी कराया तुमच्याम्होरं उभा राहील? घरात दडून बसला असता. इतका भ्यालाय आन् तरी आलाय, म्हंजी खरंच हाय ते."

फकिराचा हात सैल झाला. वस्तीवर बद्रीनाथची भीती माहीत नव्हती असं कोण होतं? तिच्यावर हसतच तर सगळे मोठे झाले होते.

"माझी गाडी म्होरं घ्या," म्हाळसाबाई व्यापाऱ्यांना म्हणाली. "लावा भाव."

भाव लागला. ऐकून बायांनी तोंडाला पदर लावले, इतका पडेल. म्हाळसाबाईनं मान हलवली आणि कांदा दिला. लेकाकडं तिनं बघितलं नाही. तिच्यामागून मनकर्णाबाईंनी दिला, मग फकिरानं, मग एकेक करून रांग सरकली.

बद्रीनाथ त्या संध्याकाळी शहरात परतला. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत त्यानं दार उघडून पेपर उचलला, पण उलगडायचा धीर होईना. रात्रीतून बंदी खरंच उठली असली तर? आईनं त्याच्या शब्दावर कांदा मातीमोल दिला होता, आणि तिच्यामागं साऱ्या वस्तीनं. ज्या बंदीविरुद्ध बोलण्यात त्यानं उमर घालवली, ती आता एवढ्यात उठू नये म्हणून तो उंबऱ्यात उभा राहून खंडोबाला हात जोडत होता.