पोत्यावर मी ‘बुरशी’ लिहिलं होतं

गेल्या वर्षी कराडजवळच्या टेकडीवर लावलेली आमची हिरड्याची रोपं खुरटून मेली. म्हणून यंदा मुळांशी जोडली जाणारी उपयोगी बुरशी असलेली जुन्या देवराईतली माती आणली आणि पोत्यावर ‘बुरशी’ लिहिलं.

आज सकाळी टेकडीवर पोहोचले, तर आमच्या लागवड गटातले द्राक्षबागायतदार अण्णा पोतं उघडून बुरशीनाशक फवारत होते.

“अण्णा, लाव्हाच्या या मुरमात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, घट्ट बांधलेलं असतं. रोपाला ते या मातीतली हीच बुरशी मिळवून देते.”

“मग तसं लिवायचं न्हाई व्हय, मॅडम? बुरशी वाचली की आमचा हात पंपाकडंच जातो.”

चूक माझी. लागवड थांबवली आहे, सोडलेली नाही. उद्या अण्णाच माझ्याबरोबर माती आणायला येणार आहेत, पंप घरी ठेवून.

पोत्यावर या वेळी काय लिहू?