उताराला आडवी रेघ

काकूंचं शेत टेकडीच्या उतारावर होतं. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच ते कसत. दर पावसाळ्यात वरची माती ओढ्याकाठी येऊन पडायची आणि काकू ती पाट्या भरभरून डोक्यावरून पुन्हा वर नेऊन टाकायच्या. "लोकांच्या पायाखालची जमीन कधीतरी सरकते, माझी दरसाल सरकते," असं म्हणून स्वतःच हसायच्या.

शेजारचं शेत दिराचं. बांधावरचं झाड कुणी तोडलं, यावरून दोन घरांत बिनसलं, ते अकरा वर्षं बोलणं बंद.

जमिनीची धूप थांबवायला आलेल्या तरुण अधिकारीबाईनं शेतकऱ्यांना शाळेच्या वर्गात बोलावलं. बाक लहान, माणसं मोठी. गुडघे हनुवटीला टेकत होते. नकाशावर गवताचे पट्टे आधीच आखलेले होते. काकूंनी तो बराच वेळ निरखला.

"पोरी, कागदावरचं पाणी या वाटेनं जातं. माझ्या शेतातलं नाही जात."

कुणीतरी फिसकन हसलं. अधिकारीबाई हसली नाही. तिनं पेन्सिल पुढे केली. "मग तुम्हीच दाखवा, काकू."

काकूंनी पाण्याच्या वाटेची रेघ ओढली. वरच्या खडकापासून निघून, वळसा घेत ती दिराच्या शेतात शिरली आणि थांबली. पुढचं त्यांना ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांत बांधापलीकडे त्यांनी पाऊलच टाकलं नव्हतं.

मागच्या बाकावरून दीर उठला. पेन्सिल घेऊन त्यानं ती रेघ ओढ्यापर्यंत नेली.

"वहिनींचं खरं आहे," तो नकाशाकडेच बघत म्हणाला. "पट्टे उताराला आडवे हवेत, आणि दोन्ही शेतांतून सलग. मधे बांध ठेवला तर पाणी तिथंच फुटणार."

"म्हणजे बांध काढावा लागेल," अधिकारीबाई चाचरत म्हणाली.

"काढू की," काकू म्हणाल्या.

उन्हाळा सरता सरता बांध काढून दोघं गवताची रोपं लावायला लागले, तो त्याच्या टोकापासून, त्या आपल्या. तिसऱ्या दिवशी समोरासमोर आले. दिरानं पाण्याचा तांब्या पुढे केला. काकू घटाघटा प्यायल्या.

मोठा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं पाहायला गेले. ओढ्याजवळचा पट्टा वाहून गेला होता. वर मात्र गवताच्या मागे वीतभर काळी माती अडली होती. दिरानं मूठभर उचलली.

"वहिनी, ही तुमची की माझी?"

"असू दे रे, राहिली हे काय कमी आहे? चल, खालचं नीट करू."