भिंत कुणाची होती?

लातूरची दोन दिवसांची कार्यशाळा संपली आणि त्याच संध्याकाळी शबानाचा नांदेडहून फोन आला. शबाना तिथे विशेष मुलांना शिकवते. रविवारी मोठ्यांसाठी चित्रांचा वर्गही चालवते.

"ताई, वर्षा तीन महिन्यांपासून आली नाही. घरचे म्हणतात, मामाकडं गेलीय. मला खरं वाटून नाही राहिलं."

पुण्याचं तिकीट रद्द करून दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडची एसटी धरली.

वर्षा पंचवीस वर्षांची. स्वमग्न. दिवसाकाठी पाच-सहा शब्द बोलायची. गेल्या वर्षी नांदेडच्या शिबिरात मी भिंतभर कागद चिकटवला होता. त्यावर ती तीन तास न थांबता केळीच्या पानांच्या शिरा काढत राहिली. तिची आई द्वारकाबाई तोंडाला पदर लावून बघत होती. निघताना मी वर्षाला म्हटलं होतं, "घरीसुद्धा काढ. थांबू नकोस." चित्रांतून मनाला वाट करून देणं हेच माझं काम. अशी वाक्यं मी सगळीकडे बोलत असे.

अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा कळलं, पिशवीत निळ्या रंगाची बाटली फुटली होती. ओढणी, चपात्या, सगळं निळं. शेजारच्या आजींनी न विचारता त्यांच्या फडक्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा पुढे केला.

"रंग कशाला गं एवढे?"

"ज्यांना बोलता येत नाही त्यांच्याकडून चित्रं काढून घेते, आजी."

"मंग ते बोलतेत का?"

"काही जण बोलतात."

"आन् घरचे ऐकतेत का?" असं म्हणून त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

लोहा गेलं. विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी उन्हात पांढरं दिसत होतं. नांदेडच्या स्टँडवर शबाना उभीच होती. आम्ही अर्धापूरच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसलो. तिथून पुढे तीन किलोमीटर चालत. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मध्येच घड भरणारा ट्रक.

वर्षाचं घर नव्यानं रंगवलेलं होतं. गुलाबी. दारात ताजं तोरण होतं. तिचा धाकटा भाऊ संतोष ओसरीवर बसला होता. आत नवी सून चहा करत होती.

"मामाकडं हाय ती," तो म्हणाला. "चहा घ्या आन् निघा. उन्हाचं कशाला थांबता?"

चहा घेऊन आम्ही निघालो. शेताकडच्या पांदीपर्यंत आलो असू, तोच द्वारकाबाई मागून धापा टाकत आल्या. "मामाकडं न्हाई बाई. आखाड्यावर हाय. चला."

आखाडा म्हणजे शेतातली राहायची खोपी. ही पत्र्याची होती. दारात ठिबकच्या नळ्यांची वेटोळी पडली होती. आत पोत्यावर वर्षा बसली होती. केस कापलेले. उजव्या पायात दोर, दुसरं टोक खांबाला. घोट्याची कातडी सोलवटली होती.

"हिरीकडं पळती," द्वारकाबाई म्हणाल्या. "मोटारीच्या डब्यात हात घालती. करंट हाय त्यात. म्या रोजानं जाते, कोण बघील?"

"पण इथं का आणली?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता.

"तुमीच म्हनला व्हता ना, घरी बी काढ? पोरीकडचे पाव्हणे घर बघाया येणार, त्याच्या आदल्या दिशी तिनं बैठकीच्या समद्या भिंती कोळशानं भरून टाकल्या. पानंच पानं. संतोषनं लई मारलं. असली नणंद हाय म्हनल्यावर कोण पोरगी देतंय? मंग हिकडं आणून ठिवली."

शबाना पिशवीतलं मलम काढून घोट्याला लावू लागली. मला काहीतरी करायचं होतं. जे येत होतं तेच केलं. कागद पसरला, तेलखडू ठेवले.

वर्षानं हिरवा खडू ओळखला. हात अर्ध्यावर आला. मग तिनं दाराकडे बघितलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्यांवर बसली.

"नको," ती म्हणाली. "मार."

मी खडू गोळा केले. डब्याला झाकण लावलं.

संतोष मागोमाग आला होता. तो भांडेल असं वाटलं, पण तो दारातच उकिडवा बसला. "म्याडम, तुमी दोन दिस येता, कौतुक करता, जाता. तिचं समदं आमालाच बघावं लागतं. न्या पुण्याला. नेता का?"

माझ्या दोन खोल्यांच्या घराचा विचार मनात आला. त्याची लाज वाटली आणि तरी तो गेला नाही. शबाना म्हणाली, तिच्या शाळेत मोठ्यांना राहायची सोय नाही, आसपास कुठं असल्याचं ऐकिवात नाही.

शेवटी शबानानंच विचारलं, "मोटारीच्या डब्याला कुलूप आणि विहिरीभोवती जाळी बसवली, तर दोर सोडशील?"

संतोष बोटानं माती उकरू लागला. "सोडतो," तो म्हणाला. "घरी मात्र न्हाई आणणार."

एवढ्यावर आम्ही थांबलो. मी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून अर्धापूरला गेले. कुलूप आणि लोखंडी जाळी घेतली. वाटेत तो एकदाच बोलला. "चित्र चांगलं व्हतं म्याडम. पन त्या दिशी काढायचं नव्हतं."

परतल्यावर जाळी त्यानं स्वतः बसवली. द्वारकाबाईंनी दोर सोडला. वर्षा उठली नाही. पाय लांब करून त्याच जागी बसून राहिली.

रात्रीच्या गाडीनं मी पुण्याला निघाले. लातूरच्या कार्यशाळेत तीस पालकांना मी हसत हसत सांगितलं होतं, घरची एक भिंत मुलांना देऊन टाका. आता त्यातल्या एकेकाचं घर डोळ्यांपुढे येत होतं. कुणाचं भाड्याचं, कुणाचं दिराच्या नावावरचं. पोहोचल्यावर मी त्या सगळ्यांना फोन केले. आधी विचारायला हवं होतं ते आता विचारलं: घरात कोण कोण आहे, भिंत कुणाची आहे, राग कुणाला येतो.

शबाना दर रविवारी वर्ग आटोपून आखाड्यावर जाते. घोट्याची जखम भरून आलीय, असं तिनं परवा कळवलं. वर्षा विहिरीपर्यंत चालत जाते आणि जाळीला हात लावून परत येते. कागद पुढे ठेवला की अजूनही हातांवर बसते.

मी विचारलं, "मग तू काय करतेस?"

"काही नाही ताई. मी पण बाजूला बसते."