मान बघूया म्हणणारी मुलगी
दुखरे सांधे शेकायच्या गरम मेणाचा वास आला की हुपरीच्या, पैंजण घडवणाऱ्या मावशी आठवतात. फिजिओथेरपीच्या मुलांनी प्रश्न विचारत दुखण्याचं मूळ स्वतः शोधायचं आणि मी, शिक्षकाने, गप्प बसायचं, असा तो तास. त्या दिवशी रुग्ण होत्या मावशी; त्यांचा खांदा दुखत होता. एक मुलगी म्हणाली, "सर, आधी मान बघूया?" मला घाई होती. "खांदाच आखडलाय, लिही. लगेच डॉक्टरीण झालीस व्हय?" सगळे हसले. महिन्याने मावशी बधिर बोटं घेऊन परत आल्या. दोष मानेतच निघाला. "ती पोरगी सांगत हुती की! तुमीच गप केलासा." दुसऱ्या दिवशी मुलीने विचारलं, "सर, मावशी कशा आहेत?" मी म्हणालो, "बऱ्या आहेत." नंतर तिने तासाला प्रश्नच विचारले नाहीत. वर्षअखेर मी तिच्या नावापुढे 'शांत, गुणी' लिहिलं. ती बरोबर होती, हे मात्र आज माझ्या पन्नाशीतही मी तिला कळवलेलं नाही.