नाक्यावरचं संत्रं

सीमेवरच्या नाक्याजवळ माझं दुकान आहे. परराज्यातल्या गाड्यांना मी ऑनलाइन तात्पुरतं परमिट काढून देते. आज तेलंगणाच्या नंबरची, लग्नाच्या वऱ्हाडाची मिनीबस थांबली. नवरीचा आजा परमिटसाठी आत आला, बाकावर बसला आणि त्यानं खिशातून संत्रं काढलं. सालीचा तो तिखट-गोड वास दुकानभर पसरला. मग तो एकेका फोडीची शीर न् शीर सोलायला लागला आणि मी त्याला ओळखलं.

मी लहान होते तेव्हा आम्ही सीमेपलीकडे, आंध्रात राहायचो. बल्लारपूरला मावशी शेवटच्या घटका मोजत होती. बाबा भाड्यानं चालवायचे ती जीप आंध्रच्या नंबरची होती. याच नाक्यावर परमिटच्या खिडकीमागं हाच माणूस बसला होता, हातात असंच संत्रं घेऊन.

"भाऊ, माही बहीन जाऊन राह्यली. तिचं तोंड पाहू द्या मले," आई खिडकीचे गज धरून म्हणाली.

"काऊन घाई करून राह्यली, बाई? संत्रं तर खाऊ दे."

त्यानं ते खाल्लं, मग दुसरं सोललं. आम्ही पोचलो तेव्हा मावशीला माती देऊन लोक परतत होते. आईनं पुढे घरात कधी संत्रं येऊ दिलं नाही. लहानपणी मला तो माणूस नुसता खादाड वाटला होता. आज कळलं, त्याला भूक नव्हतीच.

"झालं का, बाई?" तो म्हणाला. "मुहूर्त टळून जाईन."

परमिट स्क्रीनवर कधीचंच आलं होतं. मी प्रिंटर बंद केला.

"काऊन घाई करून राह्यले, भाऊ? संत्रं तर खाऊन घ्या."